मत द्यायला डिग्री लागते

हॉस्पिटलातलं काम सोडून चाळी फिरायचं काम स्वतःहून मागून घेणारी दमयंती ही आमच्या बॅचमधली एकटीच. परळला लोकारोग्य मंडळाच्या हॉस्पिटलात आम्ही सगळ्यांनी नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि तिथेच स्टाफ नर्स म्हणून लागलो. मंडळाचे गिरणगावात काही दवाखानेही होते. तिथे पाठवायच्या त्या ठरलेल्या बायका: जिची मुलं लहान आहेत, जिची कंबर धरली आहे, किंवा जिचं मेट्रनशी वाजलं आहे. दमयंतीचं यातलं काही नव्हतं. तिचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि मुलांच्या वॉर्डात तिचा हात असा होता की एखाद्या पोराची शीर सापडेना, तर डॉक्टर तिला बोलवायचे.

तिने बदली मागितली त्याला कारण एक मूल होतं. लालबागच्या चाळीतलं, नुकतंच चालायला लागलेलं. जुलाबाने सुकून आलं, आम्ही सलाईन लावली, बरं झालं, घरी गेलं. महिन्याभरात परत आलं. पुन्हा सलाईन, पुन्हा घरी. तिसऱ्या वेळी आलं ते वाचलं नाही. दमयंती त्याच्या आईला घरी पोचवायला गेली. पाहते तर मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांचं पिण्याचं पाणी ज्या मोरीतल्या नळावर भरत होते, तिथेच संडासाचं तुंबलेलं पाणी मागे येत होतं. दुसऱ्या दिवशी ती मेट्रनसमोर उभी राहिली आणि म्हणाली की आपण इथे बसून या मुलाची वाट बघत होतो, आपण तिथे जायला हवं होतं. मेट्रन चांगली बाई होती. तिने सांगितलं, बाळ, दवाखान्यात गेलीस की तुला कुणी नर्स म्हणून मोजणार नाही. दमयंतीने अर्ज मागे घेतला नाही.

ती माहीमच्या कोळीवाड्यातली. वडील हरेश्वर होडीवर, आई रखमा दादरच्या बाजारात मासळी विकायची. रखमाचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा. लेक वॉर्ड सोडून घरोघरी फिरणार, हे कोळीवाड्यात काही जणांना कमीपणाचं वाटलं. ते रखमाच्या कानावर आलं तेव्हा ती लेकीला म्हणाली, "मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले. तुना कसली लाज?"

लालबागला दमयंती रमली. सकाळी दवाखाना, दुपारनंतर चाळी. लस टोचायची, गरोदर बायका तपासायच्या, औषध मध्येच सोडलेल्या टीबीच्या पेशंटांना शोधून काढायचं, मुलांची वजनं करायची. लशीच्या दिवशी चाळीतली माणसं गोळा करायचं काम उत्तम परब नावाचा एक मालवणी तरुण हौसेने करायचा. तो गिरणीत साचेखात्यात कापड विणायचा. माणसं गोळा करता करता दोघांचं जमलं. कोळ्यांची मुलगी आणि मालवणी मुलगा, दोन्हीकडून थोडी कुरकुर झाली. रखमाने जावई पाहिला, त्याला जेवायला वाढलं, तो बांगडा कसा खातो ते पाहिलं आणि हरकत नाही म्हणाली. दमयंती माहीमहून लालबागच्या चाळीत सून म्हणून आली. एका खोलीत उत्तम, त्याची आई सखुबाई आणि ती. पुढे दुर्गा झाली.

दुर्गा जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा संप सुरू झाला. ब्याऐंशी सालचा जानेवारी. पहिले काही आठवडे चाळीत सुट्टीसारखं वातावरण होतं. पुरुषमाणसं दिवसाढवळ्या घरात दिसत होती, गॅलरीत कॅरम चालायचा, कुणीही भेटला की आता मिटेल, होळीपर्यंत मिटेल असं म्हणायचा. होळी गेली. मग बिऱ्हाडं हळूहळू गावी निघाली. जी राहिली त्यांच्या बायका खानावळी चालवायला, पापड लाटायला, दादरच्या ब्लॉकमध्ये भांडी घासायला लागल्या. उत्तम मोर्च्याला जायचा, पोलिसांच्या गाडीतून यायचा, पुन्हा जायचा. घर दमयंतीच्या पगारावर चालत होतं आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांतली मुलंही दुपारी याच घरात जेवत होती.

वजनाचा काटा दारोदार नेणारी तीच असल्यामुळे जे होत होतं ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. गेल्या वर्षी काट्यात टाकली की खळखळून हसणारी पोरं आता काट्याला लटकून गप्प राहायची. वजनं आधी थांबली, मग उतरायला लागली. आया वजनाच्या दिवशी दार लावून घ्यायला लागल्या. एकदा तिने एका घरात शिजत असलेल्या भांड्यावरचं झाकण उचललं. आत पाणी उकळत होतं. पोरांना वाटावं काहीतरी शिजतंय, म्हणून त्या बाईने ते ठेवलं होतं.

गणपतीच्या आधी मंडळाच्या सगळ्या दवाखान्यांच्या नर्सेसना परळला बोलावलं. मीही हॉस्पिटलतर्फे त्या सभेला होते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं सांगते. डॉ. चिंतामणी प्रधान हे मंडळाचे आरोग्य अधिकारी. हुशार माणूस, कामाला चोख, पण मंडळाला देणग्या देणाऱ्यांमध्ये गिरणीमालक होते आणि डॉक्टरांना ते कायम आठवत असावं. त्यांनी सांगितलं की मुलांची वजनं उतरताहेत याचं कारण मातांचं अज्ञान. आता घरोघरी समतोल आहाराची माहिती द्यायची. त्यासाठी रंगीत तक्ते छापून आणले होते. अंडं, केळं, दुधाचा पेला, पालकाची जुडी.

दमयंती उठली. म्हणाली, "सर, मुलाला अंडं द्यावं हे माझ्या चाळीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. अंडं नाहीये. गिरणी बंद आहे म्हणून नाहीये."

डॉक्टर रागावले नाहीत, उलट हसले. "सिस्टर, तुम्ही वजनं करा. त्याचा अर्थ आम्ही लावू. मत द्यायला डिग्री लागते."

"मग घेऊन येते," असं म्हणून दमयंती खाली बसली.

आम्हाला वाटलं, रागात बोलून गेली. तिच्या दवाखान्यात मात्र तो तक्ता भिंतीवर लागला नाही. गुंडाळी कपाटावर तशीच होती. विचारणा झाली तेव्हा तिने उत्तर दिलं की उपाशी बाईच्या डोळ्यांसमोर अंड्याचं चित्र लावायला माझा हात धजत नाही. तिला मेमो मिळाला. त्याच आठवड्यात ती माहीमला गेली आणि आईशी बोलली. मग रखमा दर आठवड्याला सुक्या जवळ्याची, बारीक कोलंबीची, पिशवी घेऊन लालबागला यायला लागली. कोळीवाड्यातल्या बायका मूठ मूठ काढून ठेवायच्या. जवळा भाजायचा, कुटायचा आणि मुलांच्या पेजेत घालायचा. वास येतो म्हणून नाक मुरडणारी पोरं नंतर वाटी चाटायला लागली. सगळी सावरली असं मी म्हणणार नाही. काही सावरली.

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. गिरण्या थोड्याथोड्या सुरू झाल्या, त्यांत उत्तमला कुणी परत घेतलं नाही. तो मोर्च्यात पुढे असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. बरेच दिवस तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. मग एक दिवस उठला आणि रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला. विणकराचे हात ओंडके ओढायला लागले. त्याच महिन्यात दमयंतीने त्याला सांगितलं की तिला बीएस्सी नर्सिंगला जायचंय, दोन वर्षांचा कोर्स आहे, पगार अर्धा होईल.

ती सांगायची की उत्तम एवढंच म्हणाला, "माझा संप फुकट गेला. तुझा जाऊ देऊ नकोस."

सखुबाईला हे पटलं नाही. तिच्या दृष्टीने जगच उलटं झालं होतं. तिने सुनेला सुनावलं, "घोव लाकडां वाहता नि तू कॉलेजात जातलंस? वाडीत काय तोंड दाखवू मी?" उत्तर दिलं ते रखमाने. पुढच्या वेळी जवळा घेऊन आली तेव्हा तिने पिशवी दारात ठेवली आणि विहिणीशी अशी भांडली की तिन्ही मजले गॅलरीत येऊन उभे राहिले. शेवटी दुर्गाला कडेवर घेऊन ती माहीमला निघून गेली. पोर दोन वर्षं माझ्याकडे राहील, तुमच्या चुलीला काही ओझं नको, असं सांगून गेली. सखुबाई आठवडाभर घुश्शात होती. मग सुनेचा डबा तिनेच भरायला घेतला. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

दमयंती मराठी शाळेतली. कॉलेजात सगळं इंग्रजीत. वर्गातल्या इतर मुली तिच्यापेक्षा लहान, त्यांना ती आजीबाई वाटायची. रोगांची साथ कशी पसरते, ती कशी मोजायची, दोन आकड्यांमधला फरक खरा की योगायोगाचा हे कसं ओळखायचं, हे सगळं तिथे शिकवत. ते शिकताना तिला आपल्या चाळीतली घरं दिसत. म्हणून इंग्रजी अडलं तरी अर्थ अडला नाही, असं ती म्हणायची. पहिल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली. आम्हाला वाटलं आता सोडेल. तिने परत पेपर दिला. बीएस्सी झाली, दवाखान्यात परत आली, आणि काही दिवसांनी आम्ही ऐकलं की ती एमएस्सीच्या मुलाखतीला गेली.

एमएस्सी नर्सिंगला तेव्हा ज्या जात, त्या मेडिकल-सर्जिकल घेत. त्या डिग्रीवर परदेशाची दारं उघडायची. कम्युनिटी हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांच्या वाट्याला जायचं. दमयंतीचे मार्क बरे होते. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला समजावलं की कम्युनिटीला स्कोप नाही, पुढे पोस्टच नाहीत. तिने विचारलं, पोस्ट नाहीत म्हणून शिकायचं नाही, की शिकलेलं कुणी नाही म्हणून पोस्ट नाहीत? त्यांनी तिला हवी ती जागा देऊन टाकली.

तिथे तिला मृणालिनी कारखानीस भेटल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्या, कडक कॉटनच्या साडीतल्या, शुद्ध बोलणाऱ्या प्राध्यापिका. प्रबंधाला विषय काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा दमयंतीने विषय आधीच तयार ठेवला होता: संपानंतर गिरणी कामगारांच्या घरांतली मुलं, त्यांचं वजन, आणि त्यांच्या आयांचं आहाराबद्दलचं ज्ञान. आईला माहीत नसतं म्हणून मूल सुकतं की घरात नसतं म्हणून, हे तिला एकदाचं सिद्ध करायचं होतं.

विषय समितीने परत पाठवला. नर्सने एवढ्या मोठ्या प्रश्नात शिरू नये, आणि शीर्षकातला संप हा शब्द राजकीय आहे. दमयंतीने तोच विषय, तेच शीर्षक पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा पाठवायला निघाली तेव्हा मृणालिनीबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"परब, तुम्ही रागाने लिहिता आहात," त्या म्हणाल्या. "रागाबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही फक्त कामगारांची घरं बघणार. मग उद्या कुणीही म्हणेल, सगळीकडच्या आया अशाच अडाणी असतात. तुलना कुठे आहे? ज्या घरात पगार थांबला नाही, तिथली आई काय सांगते, ते आधी विचारून या."

दमयंतीने नंतर मला सांगितलं की आयुष्यात तिला कुणी एवढं उपयोगाचं बोललं नव्हतं. ती अँटॉप हिलला सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत गेली. लालबागच्या आया जेवढी शाळा शिकल्या होत्या, तेवढीच शिकलेल्या तिथल्या आया तिने निवडल्या. दोन्हीकडे आधी एकच प्रश्न: मुलाला काय खायला द्यावं? आणि मग दुसरा: काल काय दिलं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं दोन्हीकडे सारखी आली. दूध, डाळ, अंडं, भाजी, मासे. दुसऱ्या प्रश्नाला अँटॉप हिलच्या बायका भराभर सांगत. लालबागच्या बायका आधी खाली बघत, मग सांगत. एकीने सांगितलंच नाही, रडायला लागली. दमयंतीने तिचं उत्तर धरलं नाही आणि पुन्हा जाऊन तिला विचारलंही नाही. मृणालिनीबाई त्याबद्दल बोलल्या तेव्हा ती म्हणाली, ते घर मला वगळायचंय. त्यांनी ते मान्य केलं.

समितीपुढे विषय तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याच्यासोबत मृणालिनीबाई स्वतः गेल्या. संप हा शब्द शीर्षकात राहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला दीड तास पिळून काढलं. आकडेमोडीत एक चूक निघाली, ती तिने तिथेच कबूल केली आणि दुरुस्त करून दाखवली. निष्कर्ष तसाच राहिला. नव्वद साली दमयंती परब एमएस्सी झाली. मंडळाच्या सगळ्या नर्सेसमध्ये सार्वजनिक आरोग्याची ही डिग्री असलेली ती पहिलीच.

आणि मंडळाला तिचं काय करावं ते कळेना. दवाखान्यांवर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरची जागा होती, पण ती हॉस्पिटलातल्या ज्येष्ठतेने भरत. वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या, चाळीची पायरी न चढलेल्या बायका निवृत्तीच्या आधी तिथे येऊन बसत. दमयंतीला जुनीच पोस्ट, जुनाच पगार. डॉ. प्रधान तेव्हा मंडळाचे मुख्य अधिकारी झाले होते. त्यांनी तिला बोलावून अभिनंदन केलं, मनापासून केलं असावं, आणि नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर म्हणून बदली दिली. एमएस्सी झालेल्यांनी शिकवायचं, अशीच रीत होती. खुर्ची, पंखा, नऊ ते पाच.

तिने नकार दिला. मी हे चाळीत काम करायला शिकले, फळ्यावर लिहायला नाही, असं म्हणाली. ट्यूटरचं काम कमी आहे असं तिचं म्हणणं नव्हतं. पण जी शिकते तिला उचलून वर्गात ठेवायचं आणि चाळ न शिकलेल्यांवर सोडायची, हे तिला मान्य नव्हतं.

बदलीचा हुकूम न पाळल्याबद्दल तिला दवाखान्यातून काढून हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. तिथे गॉझचे तागे यायचे. ते कापायचे, घड्या घालायच्या, डब्यांत भरून निर्जंतुक करायला पाठवायचे. आयाबाईही करू शकतील असं काम. मी तेव्हा शेजारच्याच वॉर्डची इन्चार्ज होते. दुपारी चहाला तिच्याकडे जायचे. ती कात्री चालवत बोलत असायची. याच काळात तिला एका खाजगी कॉलेजातून प्राध्यापिकेची नोकरी आली, आखातातून दुप्पट-तिप्पट पगाराचं बोलावणं आलं. उत्तमची वखार बंद पडायच्या बेतात होती, दुर्गा मोठी होत होती. मी तिला म्हटलं, दमे, जा. कुणी नावं ठेवणार नाही.

"मी गेले की त्यांचं काम सोपं होईल," ती म्हणाली. "मी इथे बसले की रोज दिसते त्यांना."

आणि खरंच दिसायची. डॉ. प्रधानांचा राउंड त्या खोलीवरून जायचा. ती उठून उभी राहायची, नमस्कार करायची आणि पुन्हा कापायला बसायची. सुट्टीच्या दिवशी लालबागला जाऊन टीबीचे पेशंट बघायची, दवाखान्याच्या नव्या नर्सला घरं दाखवायची. ती नवी नर्स म्हणजे मालन शिंगटे. पुढे तिचं नाव पुन्हा येईल.

असं वर्षभर चाललं. मग गिरणगावातल्या वस्त्यांसाठी एक मोठी सरकारी योजना आली. निधी चांगला होता, मंडळाने अर्ज केला. अट अशी होती की प्रमुख नर्स सार्वजनिक आरोग्यात उच्च शिक्षण घेतलेली हवी. तशी एकच होती आणि ती गॉझ कापत होती.

डॉ. प्रधानांनी तिला वर बोलावलं. काय झालं ते दोघांनीही पुढे वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते जुळतं. त्यांनी विचारलं, योजनेत तुमचं नाव टाकू का? ती म्हणाली, नाव मिळेल, पण आधी नियम बदला. सुपरवायझरची जागा ज्येष्ठतेने नाही, शिक्षणाने आणि वस्तीतल्या कामाने भरायची. आणि प्रत्येक दवाखान्यात एक तरी शिकलेली पब्लिक हेल्थ नर्स ठेवायची.

"तुम्ही मंडळाला अटी घालताय?"

"हो."

त्यांनी मध्यम मार्ग सुचवला. योजनेपुरती तात्पुरती नेमणूक, नियमाचं नंतर बघू. दमयंतीने नमस्कार केला आणि खाली जाऊन कात्री हातात घेतली. मंडळाने बाहेर शोधलं. पण ज्या थोड्या शिकलेल्या होत्या त्या कॉलेजांत किंवा परदेशात होत्या, त्या पगारावर चाळी चढायला कुणी येईना. निधीची मुदत जवळ आली तेव्हा नियम बदलला. मला वाटतं डॉ. प्रधानांनीच विश्वस्तांकडे त्याचा आग्रह धरला. दमयंतीला याबद्दल विचारलं तर ती म्हणायची, "त्यांनी धरला की त्यांना धरावा लागला, मला काय करायचंय?"

ती सुपरवायझर झाली तेव्हा गिरण्या एकामागून एक कायमच्या बंद होत होत्या. तिच्या नर्सेस कापसाच्या धुळीने दम जडलेल्या निवृत्त कामगारांना शोधत, कामावर जाणाऱ्या बायकांसाठी लशीची वेळ संध्याकाळी ठेवत. मालनला तिने स्वतः मागे लागून बीएस्सीला घातलं, मग एमएस्सीला. दोन्ही वेळा पूर्ण पगारी रजा मिळवून दिली. आपल्याला अर्ध्या पगारावर शिकावं लागलं म्हणून इतरांनीही तसंच शिकावं, असं तिला कधी वाटलं नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहायला लागले. एका टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाआड बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. आतल्या मुलांना गोवर निघालाय असं दमयंतीच्या कानावर आलं. तिने नर्सेस पाठवल्या, वॉचमनने परत पाठवल्या. साइट ऑफिसला फोन केला, त्यांनी आत आजारी कुणी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती स्वतः गेली. तोपर्यंत पन्नाशी गाठलेली, गुडघे दुखायचे. बरोबर मालन, लशीचा थंड डबा आणि दवाखान्यातलं घडीचं टेबल. वॉचमनने अडवलं तसं तिने टेबल फाटकाच्या मधोमध उघडलं, डबा त्यावर ठेवला आणि खुर्ची मागवली. मागे सिमेंटच्या मिक्सरच्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एक तरुण इंजिनियर धावत आला, मॅडम बाजूला व्हा म्हणून विनवायला लागला. दमयंतीने त्याला शांतपणे समजावलं की गोवर कुंपणाच्या आत राहत नाही, टॉवरमधली घरं विकत घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही तो भेटेल. आणि आपण आज इथे बसायलाच आलो आहोत. गाड्यांमधलं सिमेंट आळत चाललं होतं. अर्ध्या तासाने फाटक उघडलं. आत बरीच मुलं तापाने फणफणलेली होती. तीन हॉस्पिटलात हलवली, बाकीच्यांना तिथेच उपचार झाले, निरोगी होती त्यांना लस दिली. त्यांतली एक मुलगी मात्र हॉस्पिटलात दगावली. ते दमयंतीला लागलं. एक दिवस आधी फाटकात बसायला हवं होतं, असं ती म्हणत राहिली.

ती निवृत्त झाली तेव्हा मंडळाने दादरच्या एका हॉलमध्ये समारंभ ठेवला. उत्तम पहिल्या रांगेत होता, दुर्गा होती, तिची नोकरी बँकेत. सखुबाई आणि रखमा दोघीही तोवर गेलेल्या. नव्या अध्यक्षांनी तिच्या सेवाभावाचं खूप कौतुक केलं, शाल दिली, आणि दोन शब्द बोला म्हणाले. निवृत्त होणारी नर्स अशा वेळी आभार मानते, थोडी रडते, मग बटाटेवडे आणि चहा.

दमयंतीने माईक जवळ ओढला. "शाल घेते," ती म्हणाली. "सेवाभाव म्हणालात, ते परत घ्या. मी शिकून केलेलं काम आहे हे, त्याला काम म्हणा. आणि लालबाग, काळाचौकी नि चिंचपोकळी, तिन्ही दवाखान्यांत पब्लिक हेल्थ नर्सच्या जागा दोन वर्षं रिकाम्या आहेत. शिकलेल्या मुली आहेत, त्यांची नावं मी तुम्हाला आधीच दिली आहेत. कधी भरणार, ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

अध्यक्ष शेजारच्यांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, ती मालन असावी, आणि मग आम्ही सगळ्या निवृत्त बायकांनी वाजवली. अध्यक्षांना उठून सांगावं लागलं की वर्षभरात बघू. तारीख सांगा, दमयंती म्हणाली. त्यांनी मार्च सांगितला.

मार्चपर्यंत लालबाग आणि काळाचौकीच्या जागा भरल्या. सुपरवायझर आता मालन आहे. चिंचपोकळीची जागा अजून रिकामी आहे. दमयंती दर सोमवारी मंडळाच्या ऑफिसात फोन करते. ऑपरेटर आता तिचा आवाज ओळखतो आणि न विचारता लाइन अध्यक्षांकडे देतो.